उघडायचा दिवस

मंगळवार, ९ जून. सकाळच्या बसने आम्ही दोघं जालन्याला गेलो. दवाखान्यात गर्दी होती, नंबर यायला दुपार झाली. सोनोग्राफी झाली. डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि तीन महिन्यांनी परत या म्हणाल्या. स्टँडजवळ उसाचा रस प्यायलो, मिळेल त्या गाडीने अंबडला आलो. चहा घेऊन हे मोसंबीला पाणी सोडायला शेतात गेले. घरात मी एकटीच आहे. ऊन अजून ओट्यावरून उतरलेलं नाही.

माय, मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. तू होतीस तोवर आपण जुन्या जालन्यातल्या त्या दोन खोल्यांतच राहत होतो, लिहायचं कशाला. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते, आता माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. मी शाळेत गणित शिकवते. फळ्यावर उदाहरण सोडवायला सांगितलं तर सोडवीन, मनातलं लिहायची मला सवय नाही. पण आज जे बोलायचं आहे ते जिवंत माणसांपैकी कुणाशी बोलता येत नाही. माझ्या डाव्या छातीत गाठ आहे. तुझीही डावीकडेच होती. गेल्या महिन्यात आंघोळ करताना हाताला लागली आणि मी तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. बाहेरून हे विचारत होते, "झालं का? पाणी गेलं का काय नळाचं?" मी म्हणाले, झालंच. तेव्हापासून माझा हात सारखा तिकडे जातो. भाजी निवडताना जातो, बसमध्ये जातो, देवापुढे बसले तरी जातो. दर वेळी वाटतं की या वेळी नसेल. दर वेळी असते.

ह्यांना सांगायला मला बरेच दिवस लागले. सांगितल्यावर हे दुसऱ्याच दिवशी दवाखान्याचा नंबर घेऊन आले. माणूस चांगला आहे, माय, तू पाहिला असतास तर तुला आवडला असता. आज मॅडमच्या खोलीत हे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. मॅडमनी सोनोग्राफीचा कागद बघितला आणि म्हणाल्या, "ताई, गाठ साधी वाटतेय. कडा नीट आहेत. घरात कुणाला असा त्रास होता का? आईला, मावशीला, बहिणीला?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "न्हाई मॅडम, कुणालाच न्हाई. सासूबाई काविळीनं गेल्या." ह्यांचा दोष नाही. लग्नाच्या आधीपासून ह्यांना जे सांगितलं गेलं तेच ते बोलले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर ना, ताई?" मी मान हलवली. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "मग ठीक आहे. आईला असतं तर आजच सुई घालून तपासून घ्या म्हटलं असतं. आता आपण वेट अँड वॉच करू. टेन्शन घेऊ नका."

वेट अँड वॉच. मी सोनोग्राफीच्या कागदाची घडी घातली, परत उघडली, परत घातली. हे मात्र एकदम मोकळे झाले. रस पिताना रसवाल्याला म्हणाले, "आलं टाक रे जरा, आज आमच्या बाईसाहेब पास झाल्या." बसमध्ये बसल्यावर दिराला फोन लावला. "काही न्हाई रे, बिलकुल काही न्हाई. वेट अँड वॉच म्हणल्या." पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं आणि हसली. तिलाही कळलं, काही नाही.

हे तीन शब्द आता सगळ्यांच्या तोंडात आहेत. सोयाबीन घरात ठेवून भाव वाढायची वाट बघणारा म्हणतो, वेट अँड वॉच. आमच्या शाळेत बदल्यांचा विषय निघाला की स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतंच. टीव्हीवर पुढारी म्हणतात. आज स्टँडवर एका म्हातारीने कंडक्टरला विचारलं, "कामून सुटंना गाडी?" तर तो म्हणाला, "वेट अँड वॉच, मावशी," आणि सगळी गाडी हसली. मुलीला मागच्या दिवाळीत एक स्थळ आलं होतं, तिचंही उत्तर हेच. आपल्याकडे आधी याच्या जागी 'बघू' म्हणायचे. पण बघू म्हटलं की समोरच्याला कळतं, हा काही करत नाही. वेट अँड वॉच म्हटलं की वाटतं, काहीतरी चालू आहे, कुणीतरी लक्ष ठेवून आहे. म्हणून माणसाला बरं वाटतं. मला बरं वाटत नाही. कारण माझ्या लहानपणी अख्ख्या गल्लीत हे इंग्रजी एकच बाई बोलायची, आणि ती तू होतीस.

बियाण्याच्या कंपनीत तू उगवण बघायच्या खोलीत कामाला होतीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला सोबत न्यायचीस, म्हणून ती खोली मला अजून दिसते. लांब टेबल, ओल्या जाड कागदाचा वास. त्या कागदावर तू बी ओळीने मांडायचीस, ओढ्यातल्या बगळ्यांसारखं सारख्या अंतरावर, वरून दुसरा ओला कागद, मग हलक्या हाताने गुंडाळी. गुंडाळीच्या टोकाला पेन्सिलीने तारीख, कारण पेनाची शाई ओलाव्याने पसरते. मग त्या गुंडाळ्या उबेच्या कपाटात उभ्या राहायच्या. बाहेर माणसं घाई करत असायची. ट्रक लागलाय, दुकानदाराचे फोन चालले आहेत, माल पास आहे का नाही ते सांगा. तुमचे साहेब तरुण होते, कपाटाकडे बोट दाखवून शांतपणे म्हणायचे, "वेट अँड वॉच." तू सातवी शिकलेली. तुला ते फार आवडलं असणार. तू ते घरी घेऊन आलीस.

मग काय, दूध तापत ठेवलं की वेट अँड वॉच. दादांचा, माझ्या वडिलांचा, पगार उशिरा होणार, वेट अँड वॉच. धाकट्या बहिणीला ताप आला, कपाळावर पट्टी ठेवून तू म्हणायचीस, "वेट अँड वॉच करून राह्यले, सकाळपर्यंत उतरंल." शेजारच्या खाला दारात उभ्या राहून चिडवायच्या, "क्या बाई, तुम्हारी कंपनी में एकच अंग्रेजी सिखाते क्या?" तू पिठाचे हात तसेच ठेवून म्हणालीस, "एकच शिकवतेत, पण बराबर शिकवतेत." दोघी इतक्या हसलात की दादा खोलीतून म्हणाले, काय झालं. दूध त्या नादात उतू गेलं होतं.

तुझा मार मला एकदाच बसला, तोही यावरूनच. मामाने गावाकडून सोयाबीन आणलं होतं, पेरायच्या आधी उगवण बघून दे म्हणाला. तू घरीच जुन्या गोणपाटाच्या तुकड्यात बी गुंडाळून मोरीजवळच्या कोपऱ्यात ठेवलंस. मला राहवेना. तू कामाला गेलीस की मी उघडून बघायचे आणि परत गुंडाळायचे. एका संध्याकाळी तू पाहिलंस. हातावर फटका मारलास, मोठ्याने. "हात नको लावू म्हणलं ना! उघडून पाह्यलं की मुळी तुटती. मंग तू मारलं का बी खराब होतं, ते कसं कळावं?" मी रडत बसले. ठरलेल्या दिवशी मात्र मी रुसून कोपऱ्याकडे फिरकलेच नाही, तर तूच मला हाताला धरून नेलंस. म्हणालीस, "आज उघडायचं. आज न्हाई उघडलं तर आतल्या आत कुजतं. वेट म्हणजे बसून राहणं न्हाई, पोरी. उघडायचा दिवस आधी लिहायचा, मंग वेट करायचं." आणि खोचलेल्या पदरातून कंपनीतली एक पेन्सिल काढून मला दिलीस, लाल रंगाची, अर्धी झालेली. ती आता बोटभर उरली आहे. सुईदोऱ्याच्या डब्यात आहे.

आता ती दुसरी गोष्ट. सकाळ आहे, तू भाकरी थापते आहेस, मी बारावीचं पुस्तक घेऊन चुलीजवळ बसले आहे. दादा आंघोळीला गेले आहेत. तू परातीकडेच बघत म्हणतेस, "हितं मला गाठ लागती हाताला." मी विचारते, कुठे. तू कोपराने दाखवतेस, हाताला पीठ आहे म्हणून. मी म्हणते, दवाखान्यात जाऊ. तू भाकरी तव्यावर टाकतेस, तिच्यावर पाणी फिरवतेस आणि म्हणतेस, "दुखत न्हाई ना. आत्ता हंगाम आहे, साहेब सुट्टी देणार न्हाईत. वेट अँड वॉच." आणि हसतेस. मीही हसले, माय. मला सुटल्यासारखं झालं. तू म्हणालीस म्हणजे तू बघशील असं वाटलं. पुढे हंगाम संपला. मग दिवाळी आली, मग माझी परीक्षा. गुंडाळीवर तारीख घातल्याशिवाय तू कधी कपाटात ठेवली नव्हतीस, आणि या गाठीला मात्र तू तारीखच घातली नाहीस. दर वेळी मी तुझ्याकडे बघायचे आणि तू मान हलवायचीस, की चालू आहे, लक्ष आहे.

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी दादांना बाहेर बोलावलं. तू कॉटवर पडून होतीस, अंगाचं पार चिपाड झालं होतं. मला जवळ घेतलंस. मला वाटलं काही मायेचं बोलशील. तू म्हणालीस, "कुणी इचारलं तर काविळीनं गेली म्हणायचं. दादालाबी सांगितलंय. तुम्ही तिघी बहिणी हायेत. हे नाव घराला लागलं तर एकीचं लगीन व्हायचं न्हाई." मी हो म्हणाले. तू शपथ घातली नाहीस, पण मी ती शपथच धरली. तेराव्याला आलेल्या बायकांना मी स्वतः सांगितलं, कावीळ. खालांनी तुझे शेवटचे कपडे धुतले होते, त्यांना सगळं माहीत होतं, त्याही कुणी विचारलं की म्हणायच्या, पीलिया. मला बघायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दादांनी तेच सांगितलं. तिघींची लग्नं झाली. तुझं म्हणणं बरोबर निघालं, तशी चांगलीच घरं मिळाली. आणि मग ते इतक्या वर्षांत इतकं पक्कं झालं की तुझ्या वर्षश्राद्धाला बोलताना माझ्या बहिणी आपसातसुद्धा काविळीचंच बोलतात. धाकटी तर तेव्हा लहान होती. तिला खरं माहीत आहे की नाही, मला कळत नाही. मी कधी विचारलं नाही.

म्हणून आज मान हलली, माय. डॉक्टर विचारत होत्या, पण शेजारी हे बसले होते, पिशवी धरून. काविळीचं खोटं आहे म्हटलं असतं तर इतक्या वर्षांचं काय काय उसवत गेलं असतं. हे रागावले नसते कदाचित. गप्प बसले असते. मला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटली. एका क्षणात मी तुला पुन्हा काविळीने मारलं आणि माझ्यासाठी तीन महिने मिळवले. मॅडमचं वेट अँड वॉच बरोबर आहे, पण ते ज्या बाईसाठी आहे ती मी नाही. तिची आई काविळीने गेली आहे.

घरी आल्या आल्या मुलीचा फोन आला. "काय म्हणाले गं डॉक्टर?" मी म्हणाले, वेट अँड वॉच. "हुश्श! मग काही नाही. उगाच घाबरवलंस." आणि लगेच तिच्या ऑफिसचं काहीतरी सांगायला लागली. मी ऐकत होते, पण कानात माझाच आवाज राहिला होता. तो माझा नव्हता, तुझा होता. भाकरी उलथताना म्हणालीस तसाच, हलका. आणि ती माझ्यासारखीच सुटली. मग माझ्या मनात आलं ते मला लिहितानाही नको वाटतंय. उद्या कधी हिलाही कुणी डॉक्टर विचारतील, आजीला होतं का, आईला होतं का. आणि ही काही न लपवता, खरं समजून सांगेल, आजी काविळीनं गेली. मी तरी जाणून मान हलवली. तिला तर मान हलवल्याचंही कळणार नाही. तू आम्हा तिघींची लग्नं व्हावीत म्हणून बोललीस. ती झाली. पण ते पुढे चालतच राहिलंय.

इथपर्यंत लिहून मी उठले आणि दवाखान्यात फोन लावला. दार ओढून घेतलं, घरात कुणी नसतानाही. काउंटरवरची मुलगी होती. "बोला, काय काम होतं?" मी म्हणाले, आज दुपारी येऊन गेले, मॅडमना एक सांगायचं राहिलं. ती म्हणाली, "मला सांगा मावशी, मी लिहून घेते." मला वाटलं ठेवून द्यावा. मी म्हणाले, "मॅडमनी विचारलं होतं, आईला होतं का. तर होतं." "काय होतं?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या मुलीने दोनदा हॅलो हॅलो केलं. मग मी म्हणाले, कॅन्सर. छातीचा. माय, हा शब्द तुझ्यासोबत जोडून मी आज पहिल्यांदा तोंडाने बोलले. भिंतीला ऐकू गेला असेल असं वाटलं. ती मुलगी म्हणाली, थांबा हं, आणि मागे कुणाशी तरी बोलली. परत आल्यावर तिचा आवाज जरा बदलला होता, किंवा मलाच तसं वाटलं. "गुरुवारी या, मावशी. मॅडम सुईची तपासणी करून घेऊ म्हणाल्या. जास्त दुखत नाही. सोबत कुणाला तरी आणा." मी हो म्हणाले. कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकोनात मी तुझ्या पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे, लहानशी, कुणाला दिसणार नाही इतकी.

सोबत कुणाला आणायचं ते ठरवलेलं नाही. खरं सांगायचं तर फोन ठेवता ठेवताच माझ्या मनात तयार झालं होतं, की ह्यांना म्हणायचं, गुरुवारी शाळेच्या कामाने जालन्याला जायचंय. किती सहज तयार झालं, माय. वाक्यसुद्धा पुरं जुळलं. हे येतील तेव्हा तोंडातून ते निघेल की दुसरं, मला माहीत नाही. मला सुईची भीती वाटते, तीत काय निघेल त्याची वाटते, पण त्याहून जास्त ह्यांनी चप्पल काढून आत येण्याची वाटते. हा कागद मी टपालात टाकणार नाही आणि कुणाला देणारही नाही. तू तर वाचू शकत नाहीस. पण एकदा तरी कुठेतरी लिहिलेलं असावं, की तू काविळीने गेली नाहीस.

शेतासाठी ठेवलेल्या सोयाबीनची उगवण बघायला मागच्या आठवड्यात मीही गोणपाटाची गुंडाळी करून मोरीच्या कोपऱ्यात ठेवली आहे. चहा पिताना ह्यांनी विचारलं होतं, "उघडलं का गं ते?" मी म्हणाले, उद्या बघू. सुतळीत अडकवलेल्या चिठ्ठीवर माझ्याच हाताने मंगळवार लिहिलेलं आहे, म्हणजे आजच. आता लिहिणं थांबवते. गुंडाळी ओट्यावर आणली आहे, गोणपाट अजून ओलं आहे. हात धुते, सुतळी सोडते आणि उघडते.